मागच्या घरमालकाचा नंबर द्या

हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. त्यामुळे मधेमधे कोल्हापुरी सापडलं तर समजून घ्या.

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. भाड्याने खोली देताना घरमालक समोरच्या माणसाची चौकशी कशी करतो? 'कुठून आलात, कुणाकडून आलात, आधी कुठं राहत होता, त्यांचा नंबर द्या.' तुमच्यापैकी जे पुण्यात-बंगळुरात नोकरीला आहेत त्यांनी हे सगळं झेललंय. मीही झेललंय. बी.टेक. झालं, नोकरी लागली आणि पुण्यात पहिल्याच आठवड्यात एका मालकाने माझ्या पगाराची स्लिप, कंपनीचं ओळखपत्र आणि वडिलांचा फोन नंबर घेतला. मग म्हणाला, 'बॅचलरना देत नाही.' अहो, मग हे आधी सांगायचं ना!

पण ही चौकशी आली कुठून? मला वाटायचं की हे पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे गेल्या वीस वर्षांतलं असेल. तर नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात नागरकाचं, म्हणजे शहर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, एक प्रकरण आहे. धर्मशाळेवाल्याने पांथस्थाला ठेवून घेण्याआधी वर कळवायचं. कारागिरांनी आपापल्या धंद्यातल्या माणसाला आपल्या भरवशावर ठेवून घ्यायचं. घरमालकाने घरी कोण आलं, कोण गेलं ते सांगायचं, आणि नाही सांगितलं तर त्या रात्री जो गुन्हा घडेल त्याचा दोष मालकाच्या माथी. रात्री काहीच घडलं नाही तरी तीन पण दंड! म्हणजे आज पोलीस स्टेशनात भाडेकरूची माहिती दिली नाही म्हणून मालकावर गुन्हा दाखल होतो, त्याचा हा खापरपणजोबा. हा ग्रंथ शेकडो वर्षं कुणाच्या हाती नव्हता. म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींना १९०५ मध्ये त्याची पोथी मिळाली आणि १९०९ मध्ये ती छापली गेली.

यातला 'आपल्या भरवशावर' हा भाग लक्षात ठेवा. सोनाराने सोनाराला ठेवून घ्यायचं, विणकराने विणकराला. ओळख म्हणजे आपल्यातला. मग जो कुणाच्यातलाच नाही, त्याने काय करायचं?

आता थेट कोल्हापुरात येऊ. १९०० च्या आसपासचा काळ धरा. राजाराम कॉलेज आहे, हायस्कूल आहे, पण ते आहे शहरात. भुदरगडातून, पन्हाळ्याच्या खालच्या वाड्यांतून पोरगं शिकायला आलं तर ते राहणार कुठं? ब्राह्मण घरातल्या गरीब मुलाची सोय कशीबशी व्हायची. माधुकरी असायची, वार लावून जेवण असायचं, म्हणजे सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. नात्यातलं कुणीतरी झोपायला ओसरी द्यायचं. हे सगळं ओळखीवर चालायचं. रेफरन्सचं एक अख्खं जाळं होतं, आणि शेतकऱ्याच्या, साळ्याच्या, चांभाराच्या मुलाचं नाव त्या जाळ्यात नव्हतंच. गुण कितीही असोत, शहरात त्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नाही.

शाहू महाराजांनी आधी सगळ्यांसाठी एक वसतिगृह करून पाहिलं, १८९६ मध्ये. दार सगळ्यांना उघडं होतं, पण प्रत्यक्षात तिथं ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. कागदावर 'सर्वांसाठी खुले', आत मात्र जुनंच जाळं. मग त्यांनी पवित्रा बदलला. १८ एप्रिल १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढे मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. अशी करत करत वीसेक वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकात गेलात तर यातल्या काहींच्या इमारती आजही बघायला मिळतात. आमच्या मंगळवार पेठेतून चालत गेलं तरी फार लांब नाही. खासबाग मैदानापासून निघायचं, बिंदू चौकावरून पुढे. रोज हजारो लोक त्या चौकातून गाडी मारतात, वर मान करून पाटी वाचणारे थोडे.

जातवार वसतिगृहं काढली म्हणून शाहू महाराजांवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. जात मोडायची तर जातीच्या नावाने इमारती कशाला? प्रश्न चुकीचा नाही. पण मी प्रोग्रामर आहे, मला ते असं दिसतं: सिस्टीम ओळखीशिवाय आत घेत नाही, आणि ही सिस्टीम एका रात्रीत बदलता येत नाही. मग प्रत्येक समाजाला स्वतःची ओळख देणारी संस्था उभी करून दिली. जैन बोर्डिंग जैन मुलाची हमी घेईल, मराठा बोर्डिंग मराठा मुलाची. तात्पुरता उपाय म्हणून मला तो पटतो. तात्पुरते उपाय शंभर वर्षं चालतात ही वेगळी गोष्ट, आमच्या कंपनीतही तेच आहे.

मिस क्लार्क म्हणजे तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांची मुलगी. हेच क्लार्क पुढे लॉर्ड सिडनहॅम झाले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजला नाव त्यांचंच. आणि त्या कॉलेजात १९१८ पासून अर्थशास्त्र शिकवायला कोण होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आता त्यांच्या खोलीची गोष्ट सांगतो, कारण या विषयातलं इतकं तपशीलवार, इतकं बोचरं वर्णन मला दुसरीकडे कुठं सापडलं नाही. ते त्यांनी स्वतः लिहिलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात.

आधी थोडी पार्श्वभूमी. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये ते लंडनला निघाले तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिगमन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून त्यांची शिफारस केली. जगातल्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञांपैकी एकाचं रेफरन्स लेटर. दारं उघडली.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परत यावं लागलं आणि करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला हजर व्हायचं होतं. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न, राहायचं कुठं? हिंदू हॉटेलात घेणार नाहीत. नाव बदलून घुसता येईल, पण कळलं तर काय होईल हे त्यांना माहीत होतं. शेवटी टांगेवाल्याला सांगून ते एका पारशी विश्रामगृहात गेले. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, तेव्हा इथं अडचण येणार नाही असा हिशेब.

वरच्या मजल्यावर सामान नेलं, कपडे बदलायला लागले, तेवढ्यात तिथला रखवालदार आला. अंगात सुद्रा नाही, कमरेला कुस्ती नाही. व्हेरिफिकेशन फेल! त्याने विचारलं, तुम्ही कोण? हे विश्रामगृह फक्त पारशांसाठी आहे. पण रखवालदारालाही चार पैसे हवे होते, कारण तिथं कुणी उतरतच नसे. मार्ग त्यानेच काढला. वहीत नोंद करायला पारशी नाव घ्या, झालं. भाडं दिवसाला दीड रुपया. आंबेडकरांनी पारशी नाव लिहिलं.

इथं मी नेहमी थांबतो. कोलंबियात शिकून आलेला माणूस, सेलिगमनची शिफारस असलेला, बडोदा सरकारचा अधिकारी, आणि एका खोलीसाठी वहीत खोटं नाव लिहितोय. त्या वहीत शिक्षणाचा रकाना नव्हता. पगाराचा नव्हता, मागे कुठं राहत होता याचाही नव्हता. एकच रकाना होता.

अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी, हातात काठ्या. कोण आहेस तू, आमची जागा बाटवलीस. आठ दिवसांची मुदत मागितली, ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत चालतं व्हायचं. बडोद्यात त्यांचे दोन ओळखीचे होते, एक हिंदू, एक ख्रिश्चन. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर सोडून जातील. ख्रिश्चन मित्र म्हणाला, बायको उद्या येते, तिला विचारून सांगतो. नवराबायको दोघेही मूळचे ब्राह्मण घरातले, तेव्हा उत्तर काय ते आंबेडकरांना कळलं. रात्री नऊच्या गाडीला वेळ होता. तोवर ते बडोद्याच्या कामाठी बागेत बसून राहिले.

सयाजीरावांसारखा राजा पाठीशी होता, तरी त्याच्या राजधानीत त्याच्या अधिकाऱ्याला खोली मिळाली नाही. राजा नोकरी देऊ शकतो, पण शहरातल्या घरमालकांच्या मनात शिरू शकत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांना हे बहुतेक आधीच उमगलं होतं. गंगाराम कांबळे यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. अस्पृश्य म्हणून त्यांना मारहाण झाली, महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि मग स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. नुसतं शिफारसपत्र दिलं असतं तर त्या हॉटेलात कुणी गेलं नसतं. महाराज स्वतःच रेफरन्स म्हणून जाऊन बसले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि आंबेडकर एका मंचावर होते, तेव्हा बडोद्याला तीन वर्षंही झाली नव्हती.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण तो कायद्याचा भाग आहे आणि तुम्ही झोपाल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणं जवळपास अशक्य झालं. भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, युद्धानंतर घरांची टंचाई भयंकर होती. पण त्याचा परिणाम चौकशीवर झाला. खोली दिली म्हणजे पिढीजात दिली. मग मालक माणूस निवडताना मुलीचं लग्न ठरवल्यासारखा बघणार. पैसेवाल्यांनी पागडीचा रस्ता काढला. काहींनी भाडेकरार न करता 'लिव्ह अँड लायसन्स' केलं. तर १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षी १ फेब्रुवारीला ताब्यात असलेले लायसन्सवालेही भाडेकरू ठरले! मालकांनी अशी धास्ती घेतली की कित्येकांनी खोल्या कुलूप लावून रिकाम्या ठेवल्या. 'भाडेकरू घुसला की निघत नाही' हे वाक्य आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी का असतं, त्याचं मूळ इथं आहे. सध्याचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात लायसन्सची मुदत संपली की मालकाला ताबा परत मिळवायची वेगळी वाट आहे. कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' असं तुमचा एजंट सांगत असेल तर महाराष्ट्रात ते चालत नाही. करार नोंदलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात, उलटं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे खरी सुरक्षा त्या कागदात आहे. आडनावात नाही.

तरीपण आडनावच विचारलं जातं. माझी आत्ती मंगळवार पेठेत राहते. जुनं घर, वर माडीवर दोन खोल्या. मागच्या उन्हाळ्यात त्या भाड्याने द्यायच्या होत्या आणि जाहिरात टाकायचं काम माझ्याकडे आलं. आत्तीची चौकशीची पद्धत मी जवळून बघितली, आणि खरं सांगतो, तिचा अर्धा भाग एखाद्या एचआरवाल्याने शिकावा असा आहे. सध्याच्या घरमालकाला ती फोन करतच नाही. तिचं म्हणणं, 'त्याला ते बिऱ्हाड घालवायचं असंल तर तो गोडच बोलणार की. त्याच्या आधीच्याला इचार.' आणि विचारते काय? भाडं कितव्या तारखेला द्यायचा. सोडताना खोली कशी होती. वीजबिल थकवलं का. शेवटी, 'परत आला तर द्याल काय?' या शेवटच्या प्रश्नाला समोरचा किती सेकंद घेतो ते ती ऐकते. शिवाय गल्लीतल्या तालमीतल्या पोरांना विचारणं आलंच. पेठेत कोण कुठला, कुणाची गाडी कुणाच्या दारात लागते, हे त्या पोरांइतकं कोणत्याच डेटाबेसला माहीत नसतं. खाण्यापिण्याची अट मात्र नाही. कोल्हापुरात तांबडा-पांढरा चालत नाही म्हणणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतील!

तर एक मुलगा आला. औषध कंपनीत एमआर, इचलकरंजीहून बदली झालेली. नीट बोलणारा. नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. आत्ती म्हणाली, 'आणि आडनाव?' तो शांतपणे म्हणाला, 'काकू, ते आधार कार्डावर आहे. ॲग्रीमेंटच्या वेळी देतोच की. आधी मागच्या दोन्ही घरमालकांशी बोलून घ्या, हे नंबर.'

आत्ती गप्प. मीही गप्प.

दोन्ही मालकांना तिने माझ्यासमोर फोन केले. भाडं पाच तारखेच्या आत. खोली स्वच्छ. परत द्याल काय, तर पलीकडून लगेच 'डोळं झाकून.' आत्तीच्या पद्धतीने तो शंभर टक्के पास होता. तरी तिने त्याला सांगितलं, 'उद्या कळवते बाळा.' संध्याकाळी शेजारच्या काकींशी काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं, 'काय ठरलं आत्ती?' ती म्हणाली, 'दिऊया की त्याला. लाव फोन.' मी लावला. तो म्हणाला, 'सर, काल रात्रीच राजारामपुरीत टोकन दिलं. काकूंना थँक्यू सांगा.' आत्तीला सांगितलं तर तिने माडीच्या किल्ल्या परत फडताळात ठेवल्या आणि म्हणाली, 'एक रातसुदीक थांबला न्हाई व्हय.'

तो का थांबेल? 'उद्या कळवते' हे वाक्य त्याने किती वेळा ऐकलं असेल.

कायदा याबाबत काय म्हणतो? संविधानाच्या कलम १५ नुसार दुकान, उपाहारगृह, हॉटेल अशा ठिकाणी जात-धर्मावरून प्रवेश अडवता येत नाही. खाजगी घर त्या यादीत नाही. पण १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कोणत्याही वस्तीत राहतं घर घ्यायला किंवा तिथं राहायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे. अडचण पुराव्याची. कोण म्हणणार आहे की जातीमुळे दिली नाही? 'कालच दिली हो' एवढं पुरतं. दुसऱ्या बाजूला, अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा नियम केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला. बडोद्याची ती वही वाचून झाल्यावर हा निकाल वाचला की डोकं जरा गरगरतं.

अमेरिकेत दुसरंच टोक. तिथं भाडेकरूचे रिपोर्ट विकणाऱ्या कंपन्या आहेत. क्रेडिट, जुने खटले, घर खाली करायच्या केसेस, सगळं एका फाइलमध्ये. पण १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याखाली हे रिपोर्ट येतात. त्यामुळे रिपोर्टच्या आधारे घर नाकारलं तर तसं सांगावं लागतं, रिपोर्ट कुणी दिला हेही सांगावं लागतं, आणि माहिती चुकीची असेल तर भाडेकरू तक्रार करू शकतो. आपल्याकडे काकींनी आत्तीला काय सांगितलं, त्यावर तक्रार कुठं करणार?

आता जे खोली शोधताय किंवा घरच्यांची खोली भाड्याने देताय, त्यांच्यासाठी कामाचं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची ती मालकाने, ऑनलाइनही देता येते. त्या माहितीत भाडेकरूला ओळखणाऱ्या माणसांची नावं आणि नंबर मागतात, तेव्हा ज्यांची नावं देणार त्यांना आधी विचारून ठेवा. आधारची झेरॉक्स देताना मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि 'फक्त भाडेकरारासाठी' असं पेनाने लिहा. ती व्हॉट्सॲपवर पाच एजंटांना पाठवू नका. आणि खोली सोडताना मालकाकडून दोन ओळी लिहून घ्या: कधीपासून कधीपर्यंत राहिला, भाडं थकलेलं नाही. मेसेज असला तरी चालेल. पुढच्या मालकाने आडनाव विचारायच्या आत तो मेसेज पुढे करता येतो.

पुढच्या भागात पागडी. गिरगावातल्या एका खोलीच्या किल्लीला लाखांत किंमत का येते, ते बघू. तोवर काळजी घ्या, आणि तुम्हाला खोली नाकारताना ऐकवलेलं सगळ्यात भारी कारण आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा.